एव्होरा एका दिवसात: हाडांचे चॅपेल पाहावे की वगळावे?

मुक्ता_पु

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये मी, माझा नवरा आणि माझी बहात्तर वर्षांची आई असे तिघे पोर्तुगालला जात आहोत. मुक्काम लिस्बनला असून त्यातला एक दिवस आलेंतेजो प्रांतातल्या एव्होरासाठी राखून ठेवला आहे. रोमन देऊळ, बाराव्या शतकात पाया घातलेले कॅथेड्रल, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे विद्यापीठ आणि कमानींवरून पाणी आणणारा सोळाव्या शतकातला जलमार्ग, हे सारे एकाच गावात आहे असे वाचल्यापासून मी उत्साहात आहे. मात्र मागच्या एका सहलीत चौथ्या चर्चनंतर सगळी चर्चे एकसारखी दिसू लागली होती, तो अनुभवही विसरलेले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. काय, कोणत्या क्रमाने आणि कशाकडे लक्ष देऊन पाहावे, हा पहिला. दुसरा जरा नाजूक आहे. साओ फ्रान्सिस्को चर्चला लागून हाडांचे चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, आहे आणि त्याच्या भिंती व खांब सुमारे पाच हजार माणसांच्या अस्थींनी मढवलेले आहेत. बाबांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. आई धीराची आहे, पण तिला तिथे न्यावे की नाही हे मला ठरवता येत नाही. एव्होरावरच्या प्रत्येक लेखात पहिले छायाचित्र त्याच चॅपेलचे असते, त्यामुळे ते वगळले तर गाव पाहिल्यासारखे होईल का, अशीही शंका येते.

लिस्बनकर

स्वागत आहे. मी नऊ वर्षे लिस्बनमध्ये राहतो आणि पाहुणे आले की त्यांना एव्होराला नेण्याचे काम माझ्याकडेच असते, त्यामुळे क्रम पाठ झाला आहे. लिस्बनहून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. स्टेशन तटबंदीच्या बाहेर दक्षिणेला आहे. तिथून चालत निघालात तर वाटेतच साओ ब्राश नावाचे पंधराव्या शतकातले छोटे चर्च लागते. गोल बुरुजांसारखे जाड आधार आणि वर कंगोरे यांमुळे ते प्रार्थनास्थळ कमी आणि गढी जास्त वाटते. तटाच्या आत शिरल्यावर आधी साओ फ्रान्सिस्को, मग जिराल्दो चौक, तिथून चढाच्या गल्लीने कॅथेड्रल आणि रोमन देऊळ, देवळाला लागून लोयश मठाचे चर्च, पुढे पूर्वेला विद्यापीठ, आणि पायांत जीव उरला असेल तर उत्तरेकडचा जलमार्ग, असा क्रम सोयीचा पडतो. चढ मोठा नाही, पण फरसबंदी गुळगुळीत आणि उंचसखल आहे, तेव्हा मावशींना तळ न घसरणारी पादत्राणे घालायला सांगा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. तो तुमच्या घरातला प्रश्न आहे.

तिरकस_तात्या

गावाच्या मुख्य चौकाला ज्याचे नाव आहे, तो जिराल्दो 'निर्भय' या बिरुदाने ओळखला जातो. त्याने ११६५ मध्ये हे गाव मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून घेतले. नगराच्या बोधचिन्हात तो घोड्यावर बसलेला आहे आणि सोबत तुटलेली दोन मुंडकी आहेत. ज्या गावाने स्वागतालाच मुंडकी ठेवली आहेत, तिथे कवट्यांना घाबरून कसे चालेल?

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या जतनाच्या कामात आहे आणि त्या निमित्ताने एव्होरात एकदा सलग सहा दिवस राहिले आहे. धागाकर्तीने 'कशाकडे लक्ष देऊन पाहावे' असे विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रोमन देवळापासून सुरुवात करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या या देवळाचे चौदा खांब आज उभे आहेत. जवळ गेलात तर दिसेल की खांबांचे दांडे करड्या ग्रॅनाइटचे आहेत, तर तळखडे आणि वरची पानापानांची कॉरिन्थियन शीर्षे एस्त्रेमोझच्या पांढऱ्या संगमरवराची आहेत. ग्रॅनाइटमध्ये बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून जिथे नक्षी हवी तिथे मऊ दगड आणि जिथे भार पेलायचा तिथे कणखर दगड, अशी ती सरळ वाटणी आहे. एव्होराच्या पुढच्या दीड हजार वर्षांच्या इमारतींत ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. कॅथेड्रलचे अंग ग्रॅनाइटचे आहे, आणि दारातले चौदाव्या शतकातले येशूचे बारा प्रेषित संगमरवरी आहेत.

आता मुख्य मुद्दा. हे देऊळ टिकले कसे? मध्ययुगात खांबांच्या मधल्या जागा भिंती घालून बुजवल्या गेल्या आणि चौदाव्या शतकापासून १८३६ पर्यंत इथे खाटीकखाना होता. त्या भिंतींनीच खांबांना धरून ठेवले. पुढे १८७१ मध्ये जुझेप्पे चिनात्ती या इटालियन वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली भिंती पाडून टाकल्या गेल्या आणि 'शुद्ध' रोमन अवशेष मोकळा झाला. आपण आज जे पाहतो ते रोमनांनी बांधलेले आहे खरे, पण आपल्याला ते ज्या रूपात दिसते ते एकोणिसाव्या शतकाने ठरवलेले आहे. माझ्या मते पाचशे वर्षांचा इतिहास त्या पाडकामात राडारोडा म्हणून गेला. गाडीभर पर्यटक मावळतीला तिथे छायाचित्रे काढतात, आणि खाटीकखान्याचा उल्लेख फलकावरच्या एका ओळीत उरकतो.

प्रश्नचिन्ह

हे डायनाचे देऊळ आहे ना? आम्हाला वाटाड्याने तसेच सांगितले होते आणि शिकारीच्या देवीची एक लांबलचक कथाही ऐकवली होती.

चुनखडी

कथा गोड असली तरी देऊळ डायनाचे असल्याचा पुरावा नाही. ते नाव सतराव्या शतकात एका धर्मगुरूच्या लिखाणातून रूढ झाले. देऊळ रोमन नगराच्या मुख्य चौकात उभे होते आणि सम्राटपूजेसाठी बांधलेले असावे, असे अभ्यासक मानतात.

तिरकस_तात्या

म्हणजे देवाने राखले नाही, सम्राटाने राखले नाही, खाटकाने राखले. चुनखडीताई, तुमचा मुद्दा पटला, पण पाचशे वर्षे चरबी आणि रक्त मुरलेल्या भिंती तशाच ठेवल्या असत्या, तर जागतिक वारशाची समिती नाकाला रुमाल लावून आली असती.

जुना_खांब

चुनखडी यांच्याशी अंशतः असहमत. १८३६ नंतर ती इमारत रिकामी होती आणि नुसत्या भिंती ठेवून तिचे करायचे काय, हा प्रश्न त्या काळच्या लोकांसमोर होता. आज आपण 'सगळे थर जपा' म्हणतो, कारण आपल्याला दुसऱ्या शेकडो ठिकाणी शुद्ध रोमन अवशेष पाहायला मिळतात. पोर्तुगालमध्ये असे देऊळ दुर्मीळच होते. मात्र चिनात्तीबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लिस्बनच्या जेरोनिमोस मठाच्या जीर्णोद्धारात त्याचा हात होता आणि तिथला नवा मधला मनोरा १८७८ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला. तेव्हा या देवळापाशी त्याने फक्त पाडले आणि काही बांधले नाही, हे देवळाचे नशीबच म्हणायचे.

पणजीचा_पोरगा

धाग्याचा विषय आमच्या इतका जवळचा आहे की राहवले नाही. एव्होराची जुनी वस्ती आणि जुन्या गोव्यातली चर्चे व मठ, ही दोन्ही स्थळे युनेस्कोच्या यादीत एकाच वर्षी, १९८६ मध्ये दाखल झाली. दोन्हीकडे कॅथेड्रलला 'से' असेच म्हणतात. 'से' म्हणजे बिशपचे आसन, आणि ते जिथे असेल ते चर्च कॅथेड्रल ठरते.

एव्होराच्या कॅथेड्रलसमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा काय जाणवले असेल, तर दोन बाजूंचे मनोरे एकमेकांसारखे नाहीत. आमच्या 'से'ला एकच मनोरा आहे, कारण दुसरा १७७६ मध्ये पडला आणि परत बांधला गेला नाही. एव्होरात तसे काही झालेले नाही. तिथले दोन मनोरे मुळातच वेगवेगळ्या घडणीचे आहेत. मी मात्र लहानपणापासून एका बाजूने लंगडे दर्शनी अंग पाहत आल्यामुळे मला तो विसंवाद परका वाटला नाही.

आता कमी गोड भाग. देवळाच्या शेजारी जुना इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोही ठरवलेल्यांना शिक्षा करणाऱ्या न्यायासनाचा वाडा आहे आणि आज तिथे कलादालन आहे. पोर्तुगालमधले इन्क्विझिशनचे न्यायासन १५३६ मध्ये प्रथम एव्होरातच सुरू झाले. ज्या कार्डिनल हेन्रिकने १५५९ मध्ये एव्होराचे विद्यापीठ स्थापन केले, तोच १५३९ पासून राज्याचा मुख्य इन्क्विझिटर होता, तोच या गावचा पहिला आर्चबिशप होता, आणि त्याच्याच कारकिर्दीत १५६० मध्ये गोव्यात न्यायासन आले. गोव्यातला तो वाडा आता जमिनीवर उरलेला नाही. जिराल्दो चौकात कारंज्याच्या कठड्यावर बसून कॉफी पिताना, शिक्षा इथेच जाहीरपणे दिल्या जात होत्या हे ठाऊक असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या तुलनेत हाडांचे चॅपेल मला अगदी निरुपद्रवी वाटले. तिथली माणसे निदान आपल्या मरणाने मेली होती.

निळी_फरशी

पणजीचा पोरगा यांची माहिती बरोबर आहे आणि ती सांगायलाच हवी. पण विद्यापीठाला त्या एकाच चौकटीत कोंडू नये, अशी विनंती आहे. त्याच विद्यापीठात लुईस द मोलिना यांनी अध्यापन केले आणि ईश्वराचे पूर्वज्ञान व माणसाचे स्वातंत्र्य यांवरचा त्यांचा वाद सगळ्या युरोपात गाजला. १७५९ मध्ये राजाचा प्रबळ मंत्री, पोंबालचा मार्किस, याने जेझुइटांना हाकलले तेव्हा विद्यापीठ बंद पडले आणि १९७३ मध्ये पुन्हा उघडले. त्यामुळे आज मुले तिथे खरोखर शिकतात, आणि अठराव्या शतकातल्या आझुलेझू, म्हणजे रंगीत चकाकत्या फरश्या, त्यांच्या पाठीमागे भिंतींवर असतात.

त्या फरश्यांसाठी एव्होराला जावे असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक वर्गात पूर्वी जो विषय शिकवला जाई, त्याची चित्रे त्या वर्गाच्या भिंतींवर आहेत. कुठे प्लेटो शिष्यांना शिकवतो आहे, कुठे ॲरिस्टॉटल लहानग्या अलेक्झांडरला धडे देतो आहे. मी एका वर्गात सुट्टीच्या वेळी डोकावले, तेव्हा एका बाकामागची फरशी विद्यार्थ्यांच्या डोक्यांचे तेल लागून लागून कंबरेच्या वरच्या पट्ट्यात किंचित मंद झालेली दिसली. आमच्या शाळेच्या भिंतीवर असाच तेलकट पट्टा असे आणि दर मे महिन्यात त्यावर चुना मारत.

दुसरी जागा म्हणजे लोयश मठाचे चर्च. मठ १४८५ मध्ये स्थापन झाला आणि आज मठात निवास-हॉटेल आहे. चर्च बाहेरून अगदी साधे आहे. आत शिरल्यावर मात्र दोन्ही भिंती वरपासून खालपर्यंत निळ्या-पांढऱ्या. ते काम अंतोनिओ द ओलिवैरा बेर्नार्देश यांनी १७११ मध्ये केले आणि त्यात व्हेनिसचे संत लॉरेन्स जुस्तिनियानी यांचे चरित्र आहे. चित्रातल्या खोट्या खिडकीतून येणारा उजेड आणि खऱ्या खिडकीतून येणारा उजेड यांचा मेळ चित्रकाराने कसा साधला आहे ते जरूर पाहा.

लिस्बनकर

लोयशच्या चर्चमध्ये जमिनीतल्या झडपाही पाहा. एकीखाली जुनी पाण्याची टाकी आहे आणि दुसरीखाली अस्थींचा साठा आहे. म्हणजे, मुक्ताताई, तुम्ही साओ फ्रान्सिस्को टाळले तरी हाडे तुम्हाला टाळणार नाहीत.

वसईकरीण

लिस्बनकरांनी झडपांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या वसई किल्ल्यातल्या पडक्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीवर अजून पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा आहेत. लहानपणी आम्ही त्यांवरून उड्या मारत जायचो आणि आजी ओरडायची की माणसांच्या छातीवर पाय देऊ नका. आमच्याकडे जुनी माणसे चर्चला 'देऊळ'च म्हणतात, त्यामुळे 'देवळात माणसे पुरलेली आहेत' यात आम्हाला काही विचित्र वाटत नसे.

एव्होरात साओ फ्रान्सिस्को चर्चच्या आत पाय टाकला तेव्हा मी वर पाहिले आणि तशीच थांबले. वसईत मी भिंती पाहिल्या होत्या, कमानी पाहिल्या होत्या, छत कधीच पाहिले नव्हते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज गेले आणि पुढे एकेक छप्पर गेले. साओ फ्रान्सिस्कोचा मधला दालनभाग रुंद आहे आणि त्यावर मध्ये एकही खांब न घेता एकच मोठे दगडी कमानदार छत आहे. अरे, आपल्या भिंतींवर मुळात काहीतरी असे असणार, हे मला चाळिसाव्या वर्षी, घरापासून हजारो किलोमीटरवर उमगले. वसई आणि एव्होरा यांचा काळ आणि घडण वेगळी आहे हे मला ठाऊक आहे, जतनवाल्यांनी रागावू नये.

कॅथेड्रलमध्ये एक गोष्ट चुकवू नका. डाव्या हाताच्या एका वेदीवर गरोदर मारियेची रंगीत दगडी मूर्ती आहे. एक हात पोटावर आहे, आणि समोरच्या खांबाशी तिला निरोप सांगणारा गॅब्रिएल देवदूत उभा आहे. सुखरूप बाळंतपणासाठी बायका तिच्याकडे येतात. मी गेले त्या दिवशी एक मुलगी तिच्यासमोर बराच वेळ उभी होती आणि तिचाही हात तसाच पोटावर होता.

जुना_खांब

अवांतर: वसईच्या चर्चांतल्या घंटा पुढे महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ साल आहे. तात्या, इथे देवाने देवाचे राखले, हे नोंदवून घ्या.

तिरकस_तात्या

नोंदवले. घंटेला धर्म नसतो, फक्त वजन असते, आणि ते बैलगाडीला कळते.

पायपीट

कॅथेड्रलबद्दल माझी एक तक्रार आहे. सगळे दालन गंभीर, करड्या ग्रॅनाइटचे, मधोमध आठ कोनांचा प्रकाश-मनोरा, त्यातून खाली उतरणारा उजेड, आणि एकदम समोर मुख्य वेदीपाशी गुळगुळीत, रंगीबेरंगी संगमरवराचा थाट! एखाद्याने धोतर-उपरण्यावर जरीचा कोट घालावा तसे दिसते. हे कोणी आणि का केले?

चुनखडी

ते काम १७१८ मध्ये सुरू होऊन १७४६ मध्ये पुरे झाले. वास्तुविशारद योहान फ्रेडरिक लुडविग हा जर्मन होता, पोर्तुगालमध्ये त्याला लुदोविसे म्हणतात. माफ्राचा प्रचंड राजवाडा-मठ त्याचाच. राजा पाचवा जुआंव याच्या काळात ब्राझीलचे सोने येत होते आणि ते असे दिसले पाहिजे, ही त्या काळची भूक होती. शिवाय जुनी वेदी लहान पडत होती, असेही कारण देतात.

मी देवळाबाबत 'थर जपा' म्हणाले आणि इथे मात्र मलाही तो कोट खुपतो, हे कबूल करते. जुना खांब यांना आता मला पकडायला हरकत नाही.

जुना_खांब

पकडले. मला तो कोट आवडतो. ग्रॅनाइटच्या अंधारातून चालत जाऊन शेवटी त्या गुलाबी-हिरव्या दगडापाशी पोचणे, हा अनुभव बाराव्या शतकात कोणाला मिळाला नव्हता. तिथला जुना ऑर्गनही पाहा. जपानहून निघून मकाव, कोची आणि गोवा असा प्रवास करत आलेल्या चार किशोरवयीन ख्रिस्ती मुलांचे शिष्टमंडळ १५८४ मध्ये एव्होराला आले होते आणि त्यांपैकी दोघांनी या कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवला. पणजीचा पोरगा यांचे गाव त्या प्रवासातले एक ठाणे होते.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांनी फार सुंदर लिहिले आहे, वाचनखूण साठवली आहे. पण धागाकर्तीचा दुसरा प्रश्न अजून लोंबकळतच आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, त्यामुळे माझा दृष्टिकोन वेगळा असू शकतो. हाडांचे चॅपेल सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन भिक्षूंनी बांधले. मठांच्या दफनभूमी भरून गेल्या होत्या, अस्थी कुठेतरी ठेवायच्या होत्या, आणि जिवंत माणसांना मरणाची आठवणही करून द्यायची होती. दारावर पोर्तुगीजमध्ये लिहिले आहे, त्याचा अर्थ असा की, 'आम्ही इथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहतो आहोत.'

मी आत गेले तेव्हा मला भीती वाटली नाही, दडपण मात्र आले, आणि त्याचे कारण हाडे नव्हती. कारण होते ते मागचे लोक. कवटीशेजारी तोंड नेऊन कोणी दात विचकत छायाचित्र काढत होते. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्यांना हाडांपेक्षा त्या हसण्याचा त्रास अधिक होईल. म्हणून न्यायचे असेल तर सकाळी दार उघडताच न्या. आणि न्यायच्या आधी मावशींना विचारा. आपण त्यांच्या वतीने ठरवून टाकतो, तेच चुकते.

पायपीट

मी असहमत आहे. मृत्यू झालेल्या घरातल्या माणसाला सहलीला नेऊन पाच हजार कवट्या दाखवायच्या आणि वर 'तुला विचारले होते' म्हणायचे, हे बरे नाही. आई मुलीचा हिरमोड नको म्हणून 'चालेल' म्हणणारच. माझ्या आईने असेच 'चालेल' म्हणत माझ्याबरोबर तीन गड चढले आणि नंतर महिनाभर गुडघे शेकले.

निळी_फरशी

दोघांचेही म्हणणे पटते. मधला मार्ग असा की साओ फ्रान्सिस्को चर्च आधी सगळ्यांनी मिळून पाहावे. चॅपेलचे दार वेगळे आहे, त्यामुळे तिथपर्यंत जाऊन थांबता येते. चॅपेलचे छत पांढरे आहे आणि त्यावर चित्रे काढलेली आहेत. सगळेजण भिंतींकडे पाहतात, छत कोणी पाहत नाही.

पणजीचा_पोरगा

जलमार्गाबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही. लिस्बनमधला बेलेंचा मनोरा बांधणारे फ्रान्सिस्को द आरुदा यांनी तो बांधला, १५३७ मध्ये पाणी गावात आले, आणि त्याची लांबी सुमारे अठरा किलोमीटर आहे. पाण्याची पातळी सारखी ठेवायची म्हणून बाहेर सखल भागात कमानी उंच आहेत आणि गावात जमीन चढत जाते तशा त्या बुटक्या होतात. रुआ दो कानो या गल्लीत त्या इतक्या बुटक्या आहेत की लोकांनी कमानीखालीच घरे बांधली. मी पाहिलेल्या एका कमानीत पांढरे घर, पिवळा पट्टा, दार, दाराशेजारी टपालपेटी आणि वर दगडी कमान जशीच्या तशी होती. खिडकीत एक आजी वाटाणे सोलत बसल्या होत्या.

चुनखडी

खाटीकखान्याचा मुद्दा मी याच्यासाठीच मांडला होता. रुआ दो कानोमध्ये कोणी 'शुद्ध' जलमार्ग मोकळा करायला गेले नाही, म्हणून तिथल्या आजी अजून खिडकीत आहेत.

मुक्ता_पु

मंडळी, आम्ही परत आलो आणि हा धागा वर काढते आहे, कारण उत्तर देणे लागते.

लिस्बनकरांचा क्रम पाळला, फक्त पहिली रेल्वे घेतली. रात्रपाळी यांच्या सल्ल्याप्रमाणे आईला आदल्या रात्रीच सगळे सांगितले, पायपीट यांची भीती लक्षात घेऊन 'चालेल' हे उत्तर ग्राह्य धरले नाही, आणि तिला दुसऱ्यांदा सकाळी विचारले. ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या अस्थी मी स्वतः गोळा केल्या आहेत. मला हाडांचं काय सांगतेस?" त्यावर मी गप्प बसले.

आत आमच्याआधी फक्त दोघेजण होते. एका बाजूने छोट्या झरोक्यांमधून उजेड येतो, त्यामुळे आधी फक्त पोत दिसतो, खडबडीत, कोंबडीच्या खुराड्याच्या जाळीसारखा, आणि मग एकेक गोल कळू लागतो. लांब हाडे टोके बाहेर करून बसवली आहेत आणि कवट्या कडेने ओळीत आहेत. निळी फरशी यांनी सांगितल्याप्रमाणे छत पाहिले. आई एका खांबाशी बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले, तेव्हा ती एका कवटीच्या कपाळावरचा धुळीचा थर पाहत होती. तिने विचारले, "ही धूळ कोण पुसतं?" मला उत्तर माहीत नव्हते. तिने बाहेर आल्यावर तिकीट देणाऱ्या मुलीला खुणांनी विचारले. मुलीने हसून मऊ कुंचला फिरवल्याची खूण केली आणि आईचे समाधान झाले.

पुढे कॅथेड्रलमध्ये वसईकरीण यांनी सांगितलेली मारिया तिने स्वतःच शोधून काढली. मला मात्र पायपीट यांचा जरीचा कोट आवडला, मी जुना खांब यांच्या पक्षात. लोयशमध्ये टाकीच्या झडपेवर वाकून तिने गार हवा तोंडावर घेतली आणि म्हणाली की आमच्या जुन्या वाड्यातल्या आडाला अशीच हवा यायची. दुसऱ्या झडपेकडे तिने नुसती मान डोलावली. विद्यापीठ बाहेरूनच झाले, कारण त्या दिवशी आतला भाग समारंभासाठी बंद होता. जलमार्गापर्यंत मी आणि नवरा दोघेच गेलो. आई जिराल्दो चौकात कारंज्यापाशी बसली. त्याला पाण्याच्या आठ धारा आहेत आणि चौकाला आठ गल्ल्या मिळतात, हे तिने आम्ही परत येईपर्यंत मोजून ठेवले होते.

पणजीचा_पोरगा

चौकाचा इतिहास सांगितलात का त्यांना?

मुक्ता_पु

सांगितला. ती उठली आणि कठड्याच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात जाऊन बसली.

तिरकस_तात्या

मावशींना माझा नमस्कार सांगा. आणि रुआ दो कानोमधल्या आजींचे वाटाणे झाले का सोलून?

मुक्ता_पु

खिडकी बंद होती, पण बाहेर दोरीवर चार पलंगपोस वाळत होते आणि एका टोकाला ती दोरी जलमार्गाच्या दगडात ठोकलेल्या खिळ्याला बांधलेली होती. चुनखडीताई, त्या खिळ्याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे?

चुनखडी

खिळा काढू नये. गंजू मात्र देऊ नये.